सेक्शनमधला माणूस

उत्तरा गलगली हे नाव हुबळी-धारवाडात फारसं कुणाला ठाऊक नाही. ज्यांच्या स्वयंपाकघरातला ओटा तिने कागदावर आखला, त्यांनाही नाही. नकाशाखाली सही आर्किटेक्टची असते, रेघा ओढणाऱ्याची नसते. उत्तराने उभा जन्म रेघा ओढल्या. आधी ट्रेसिंग पेपरवर शाईने, मग कंप्युटरवर. त्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती. तक्रार करायला तिला सवड नसे, आणि दुसऱ्याची ऐकून घ्यायला तर मुळीच नसे.

तिची खोड एकच. माणूस.

इमारतीचा सेक्शन म्हणून एक नकाशा असतो. कलिंगड उभं चिरल्यावर आतला गर, बिया, साल सगळं एकदम दिसतं, तशी इमारत वरून खाली चिरली तर कशी दिसेल, ते त्यात काढतात. आणि छत किती उंच, दार किती मोठं, हे बघणाऱ्याला पटकन कळावं म्हणून आत कुठेतरी एक माणूस उभा करायचा असतो. बाकीचे लोक पुस्तकातून उचललेला कुठलाही साहेबी माणूस चिकटवतात. उत्तरा स्वतः काढी, आणि तिचा माणूस कायम एकच असे. उंच, मानेत किंचित पोक, खांद्यावर शबनम, एक हात खिशात. चेहरा नाही. चेहरा काढायची पद्धत नसते.

तो तिचा भाऊ होता. श्रीहर्ष. ती त्याला अण्णा म्हणे.

अण्णा धारवाडजवळच्या बेलूरच्या कारखान्यात होता. एका सकाळी हुबळीतल्या कमरीपेठेतल्या घरातून पहिल्या पाळीला म्हणून निघाला तो कारखान्यात पोचलाच नाही. पोलीस झाले, पेपरात फोटो झाला, मिरज आणि मडगावची स्टेशनं पालथी घालून झाली. मढं नाही, चिठ्ठी नाही, कुणाशी भांडण नाही. बारा वर्षं झाल्यावर काका आले आणि म्हणाले, आता शास्त्राप्रमाणे दर्भाचा पुतळा करून दहन करू, त्याला गती मिळेल. आईने त्यांना चहासुद्धा दिला नाही. आई गेल्यावर ते पुन्हा आले.

"काका, पुतळाच करायचा ना?" उत्तरा म्हणाली. "मग जाळायला कशाला करायचा?"

त्याच आठवड्यात तिने एका डोळ्यांच्या दवाखान्याच्या सेक्शनमध्ये अण्णाला पहिल्यांदा काढलं. बाहेरच्या खोलीत, दाराजवळ, तोंड बाहेर. पुढेही तिने हा नियम मोडला नाही: तो दाराजवळच असणार आणि बाहेरच बघत असणार. कुठे का असेना, त्याला छप्पर असावं. आणि निघावंसं वाटलं तर वाट मोकळी असावी.

दवाखाना बांधून झाला. वर्षभराने ती चष्म्याचा नंबर काढायला गेली तेव्हा खोली गच्च भरली होती. लोक भिंतीला टेकून उभे, पोरं जमिनीवर बसलेली, आणि दाराजवळची एक माणूसभर जागा मोकळी. तिथे कुणी उभं राहत नव्हतं. एक म्हातारा आला, त्या जागेपाशी थांबला, आणि कुणाला वाट द्यावी तसा बाजूला सरकून पुढे गेला. उत्तराने ते पाहिलं. घाबरायला हवं होतं, पण तिला एवढं बरं वाटलं की नंबर न काढताच ती उठून आली.

कमरीपेठेतल्या सोसायटीच्या इमारतीत तसंच. सप्तापुरातल्या मुलींच्या हॉस्टेलमध्येही तसंच. तिथे जेवणघराच्या दाराशी एक खुर्ची कायम रिकामी राही, मुलींना कारण सांगता येत नसे. पुढे कुणीतरी हॉस्टेलचे नकाशे सुधारून काढले आणि त्यात माणूस वगळला. उत्तरा मुद्दाम बघायला गेली. त्या जागी पाण्याचा फिल्टर बसवला होता आणि मुली त्याला खेटून गप्पा मारत होत्या. कागदावरून पुसलं की तिथूनही पुसलं जातं, हे तिला त्या दिवशी कळलं. घरी येऊन ती दोन दिवस तापली.  सांगणार तरी कुणाला?

वाचनालयाचं काम आलं तेव्हा तिचे जुने आर्किटेक्ट साहेब जाऊन ऑफिस त्यांच्या मुलाकडे, राघवेंद्रकडे, आलं होतं. मुलगा हुशार होता आणि ते त्याला माहीत होतं. एका ट्रस्टला धारवाडात सार्वजनिक वाचनालय आणि अभिलेखागार एकाच छपराखाली हवं होतं. राघवेंद्रने केलेली रचना खरोखर चांगली होती, उगीच नावं ठेवण्यात अर्थ नाही. उत्तर दिशेच्या उजेडाचं उंच वाचनदालन, त्याला लागून चौक, आणि सगळ्यांच्या मधोमध जुन्या कागदांची कोठी. पेटीत पेटी ठेवावी तशी खोलीत खोली. बाहेरची भिंत, मग हातभर पोकळी, मग आतली भिंत. खिडकी नाही, झरोका नाही. दार एकच, रबराची कड असलेलं जाड पोलादी. लावलं की हवेचा कणही आत-बाहेर जायचा नाही. आतली हवा यंत्राने कोरडी ठेवायची, म्हणजे कागदाला बुरशी धरत नाही.

"अक्का, ह्या कोठीत मुंगीसुद्धा श्वास घेणार नाही," राघवेंद्र म्हणाला.

"मग माणूस कुठे घालू?"

"घाला कुठेही. तुमचा तो पेटंट माणूस."

उत्तराने अण्णाला वाचनदालनाच्या दारात उभं केलं. चौकाकडे तोंड. जागा छान होती, झाड होतं समोर.

ट्रस्टींच्या बैठकीत राघवेंद्रने मोठे रंगीत फलक लावले आणि उत्तरा मागच्या रांगेत बसून बघत राहिली. दालनाच्या दारात अण्णा नव्हता. त्याला तिथून उचलून कोठीत ठेवलं होतं. आणि एक नव्हे, पाच. कंप्युटरवर एकाचे पाच करायला काय लागतं? दोन रॅकपाशी, एक टेबलाशी, दोन कोपऱ्यात. कोपऱ्यातले दोघे आरशातल्यासारखे उलटे फिरवलेले, दाराकडे पाठ करून भिंतीला तोंड लावून उभे.

बैठक संपल्यावर तिने त्याला जिन्यात गाठलं.

"कोठीत माणसं कशाला घातलीस?"

"रिकामी खोली बघून म्हातारे विचारतात, एवढा खर्च कशाला. माणसं दिसली की गप्प बसतात."

"काढ ती."

"अक्का, फलक छापून झालेत. आणि माणूसच आहे हो, बीम नाहीये. काय फरक पडतो?"

तो फलक पुढे बांधकामाच्या शेडमध्ये लागला. कंत्राटदार, सेंट्रिंगवाले, वायरमन, सगळे दोन वर्षं त्याच्याकडे बघून काम करत होते. कोठीच्या भिंती चढल्या, स्लॅब झाला, दार बसलं. उत्तरा एकदाही साइटवर गेली नाही. गुडघ्याचं कारण सांगितलं.

गेल्या आषाढात वाचनालय उघडलं आणि श्रावणात संघपालचा फोन आला. संघपाल हा अभिलेखागाराचा प्रमुख. हुबळीचाच, इतिहासाचा एम.ए. आणि कामात असा चोख की उत्तरालासुद्धा त्याचा कंटाळा येत नसे.

"मॅडम, कोठीत दमटपणा वाढतोय. राघवेंद्र सर म्हणतात यंत्र बघा. यंत्रवाले म्हणतात भिंत बघा. तुम्ही नकाशे काढलेत, तुम्ही येऊन बघता का?"

"भिंतीला ओल आहे?"

"नाही ना. तीच तर गंमत आहे. संध्याकाळी हवा बरोबर कोरडी असते, मी स्वतः दार लावतो. सकाळी उघडलं की आकडा वर गेलेला. आणि खोली गरम. लग्नाच्या हॉलमध्ये कशी हवा होते, तशी."

उत्तरा गेली. दाराबाहेर भिंतीवर आतल्या हवेचा आकडा दाखवणारी छोटी पाटी होती. संघपालने जाड दार ओढलं तेव्हा आतून जे अंगावर आलं ते कागदाच्या वासाचं नव्हतं. उबदार होतं ते. कुणीतरी तोंडाजवळ येऊन श्वास सोडावा, तसं. आत रॅक, टेबल, दिवे, सगळं नकाशाबरहुकूम. संघपालने कापडात बांधलेला एक बस्ता सोडून दाखवला. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे वस्तीतल्या सभांचे कागद होते. कडेला पांढरी बारीक लव.

"हे माझ्या आजोबांच्या पिढीने जपलेले," तो म्हणाला. "पत्र्याच्या ट्रंकेत, झोपडीत. पुरात गेले नाहीत, उंदरांनी खाल्ले नाहीत. आणि मी लोकांच्या घरोघर जाऊन सांगितलं, द्या आमच्याकडे, इथे सुरक्षित राहतील."

त्याने बस्ता पुन्हा बांधला.  उत्तरा कोपऱ्याकडे बघत होती. रॅक आणि भिंत यांच्या मधली ती चिंचोळी जागा. तिथे कुणी नव्हतं. पण झाडणारी यल्लव्वा केरसुणी घेऊन आत आली, सगळी खोली झाडली आणि कोपऱ्यापाशी येऊन थबकली. केरसुणीने अर्धवर्तुळ काढून ती मागे फिरली.

"तो कोपरा का सोडलास गं?" उत्तराने विचारलं.

यल्लव्वा आधी संघपालकडे बघून हसली. "सोडला कुठे अक्कारी? झाडला की."

"मी बघत्येय."

"तसं होतं बघा इथे. झाडताना कुणाच्या तरी पायावर केरसुणी लागंल असं वाटतं. लागू नये माणसाच्या पायाला." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "वाईट काही न्हाई हं त्यात. नुसते उभे असतात. भिंतीकडं बघत. शाळेत शिक्षा केलेल्या पोरासारखे."

संघपाल म्हणाला, "यल्लव्वा, ट्रस्टींसमोर हे बोलू नकोस."

"त्यांना कशाला सांगू? ते झाडतात होय?"

 उत्तरा बाहेर येऊन चौकातल्या कट्ट्यावर बसली. आतापर्यंत तिला अण्णाच्या जागा दिसत आल्या होत्या, तो कसा असेल याचा तिने विचार केला नव्हता. त्याला बरं वाटत असेल असं तिने आपलं धरून चाललं होतं. आता तो पाच ठिकाणी कोंडला होता. रोज संध्याकाळी पोलादी दार लागत होतं आणि पाचही जण सकाळपर्यंत तीच हवा आत घेत होते, बाहेर सोडत होते. कागद त्यांच्या श्वासाने सडत होते.

ऑफिसात राघवेंद्र वाट बघत होता. इमारत जशी बांधली गेली तसे शेवटचे नकाशे ट्रस्टला द्यायचे होते, आणि हवेचा प्रश्न सुटला नाही तर कागद इथून हलवून बेंगळुरूच्या कुठल्या तरी खासगी गोदामात न्यायचे, असं ट्रस्टमध्ये चाललं होतं.

"संघपाल बिचारा रडकुंडीला आलाय," तो म्हणाला. "अक्का, सोमवारपर्यंत फायनल सेक्शन द्या. आणि ती कोठीतली माणसं आता काढून टाका. शेवटच्या नकाशात गर्दी नको."

उपाय त्याने नकळत हातात दिला होता. उत्तराने फाइल उघडली, पाचही जणांवर खूण केली. ते पडद्यावर तुटक रेघांचे झाले. आता एक बटण दाबायचं. दाबलं की उद्या सकाळी कोठी कोरडी, संघपालचे कागद वाचले. आणि अण्णा हॉस्टेलमधल्या खुर्चीसारखा पुसला गेला. त्यालाच तर ती जन्मभर नाही म्हणत आली होती. काकांनी दर्भाचा पुतळा जाळला असता, ती बटणाने जाळणार. वेगळं काय?

तिचं बोट बटणावर राहिलं. दाबवलं नाही. दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवावेत, तर आता पाच होते. कुठला अण्णा होता आणि कुठले चार राघवेंद्रने छापले होते, हे तिलासुद्धा सांगता येत नव्हतं. रेघ न् रेघ सारखी होती. स्वतःच्या हाताने काढलेला भाऊ तिला ओळखू येईना.

मग ती स्वतःवरच चिडली. दार आहे ना त्या खोलीला? मग उघडावं आणि सांगावं. ज्याला इतकी वर्षं उभं करून ठेवलं, त्याच्याशी एकदा तोंडाने बोलायला काय झालं होतं?

शनिवारी ती मापं घ्यायच्या निमित्ताने वाचनालयात गेली. टेप घेतला, छत्री घेतली. पाऊस सकाळीच उघडला होता, पण हवा अशी दमट की अंग चिकचिकत होतं.

"संघपाल, हे दार थोडा वेळ उघडं ठेवायचंय."

"मॅडम, आज? बाहेरची हवा आत गेली तर आकडा आणखी चढेल."

"चढू दे. जबाबदारी माझी."

दाराला आपोआप मिटायची कळ होती. उत्तराने ते सताड उघडलं आणि पाठीने अडवून उभी राहिली. दार तिला दाबत होतं. आत दिवा लावला नव्हता. आतून ती उबदार हवा संथपणे येत होती, जात होती.

"अण्णा," ती म्हणाली. आवाज ऑफिसातला निघाला, म्हणून पुन्हा म्हणाली, "अण्णा, चला. सगळेच चला. इथून निघायचंय."

काही झालं नाही. संघपाल अवघडून पाटीकडे बघत होता. मग दाराचा दाब पाठीवरून किंचित उतरला, दुसऱ्या कुणीतरी हात लावून धरल्यासारखा, आणि तिच्या दंडाजवळून ऊब गेली. थोड्या वेळाने पुन्हा. मग पुन्हा. शेवटच्या दोघांना वेळ लागला. त्यांना आधी वळावं लागलं असेल.

"मॅडम," संघपाल हळू म्हणाला. "आकडा उतरतोय."

"बघ नीट."

"नीटच बघतोय. उतरायला नको. बाहेर जास्त दमट आहे. हे उलटं होतंय."

उत्तरा दार सोडून चालू लागली. मागे वळून बघायचं नाही, एवढं तिने ठरवलं होतं. वाचनदालनातून जावं लागणार होतं. शनिवार असल्याने सगळी टेबलं भरलेली. स्पर्धा परीक्षांची मुलं, पेपर वाचणारे पेन्शनर, एक बाई मांडीवर पोर घेऊन. उत्तरा मधल्या वाटेने गेली. ती पुढे गेल्यावर वाटेत पाय पसरून बसलेल्या एका मुलाने पुस्तकातून डोकं न काढता पाय आत ओढून घेतले. पसरले. पुन्हा ओढले. पलीकडच्या पेन्शनराने खुर्ची पुढे घेतली. बाईने पोराचा बाहेर आलेला हात आत घेतला. कुणी वर बघितलं नाही. कुणी जात असलं की आपण आपसूक करतो, तसं सगळं चाललं होतं, आणि समोरच्या काचेत उत्तराला त्या वाटेवर एकटी उत्तरा दिसत होती.

ती पायऱ्यांवर आली. दगड वाऱ्याने सुकून पांढरे पडले होते. दर्शनी बाजू स्वच्छ दिसावी म्हणून राघवेंद्रने इथे छप्पर घेतलं नव्हतं. तेवढ्यात भुरभुर सुरू झाली. थेंबाथेंबाने दगड काळे होत गेले, आणि खालच्या पायरीवर, तिच्या डाव्या हाताला, पाच जागा पांढऱ्याच राहिल्या. दोन पावलं मावतील एवढ्या. एका ओळीत.

उत्तराने छत्री उघडली आणि तशीच हातात धरून राहिली. कुणावर धरायची?

"अण्णा," ती म्हणाली. "आई गेली. कमरीपेठेतलं घर विकलं. मी सप्तापुरात राहते, चर्चच्या मागच्या गल्लीत, वरचा मजला. विचारलंस तर कुणीही सांगेल." ती थांबली. तिला एकदम लहान असल्यासारखं बोलायचं होतं, आणि तिला ते जमत नव्हतं. "तुमच्यात जो खरा असेल ना, त्याने माझ्याबरोबर चलावं. बाकीच्यांना मी थांबवत नाही. तुम्हाला मी उगाच उभं केलं. बसा असंसुद्धा म्हटलं नाही."

भुरभुर वाढली नाही, थांबलीही नाही. पलीकडच्या टोकाची पांढरी जागा आधी ठिपक्यांची झाली, मग काळी झाली. मग तिच्या शेजारची. तिसरी.  चौथी गेली. पाचवी तिच्या अगदी जवळ होती, साडीचा काठ लागेल इतकी, आणि ती बराच वेळ कोरडी राहिली. उत्तराने छत्री तिच्यावर धरली.

छत्रीखाली पाऊस पडत नव्हता, तरी दगड काळा होत गेला. कडेकडून आत, सावकाश.

पायरी सगळी सारखी ओली झाली. कुणीही तिच्याबरोबर आलं नव्हतं, म्हणजे खरा त्यांच्यात नव्हता. तो ज्या सकाळी निघाला त्या सकाळीच कुठेतरी गेला होता आणि तिने काढलेल्या एकाही इमारतीत कधी शिरला नव्हता. मग दवाखान्यात दाराजवळ कोण उभं होतं आणि इतकी वर्षं तिला कुणामुळे बरं वाटत होतं, हे तिला विचारावंसं वाटलं, पण विचारायला आता समोर कुणी उरलं नव्हतं.

"मॅडम, भिजताय," संघपाल दारातून म्हणाला. त्याने किती बघितलं होतं कोण जाणे. तो एवढंच म्हणाला, "आकडा थांबला. बरोबर पाहिजे तिथे."

"मग झालं. मी मापं घ्यायला येते."

तिने कोठीची मापं घेतली. कोपऱ्यातही गेली, भिंतीला टेप लावला, कुठेही अडली नाही. सोमवारी तिने सेक्शन दिला. राघवेंद्रने तो खालीवर पाहिला.

"झकास. पण अक्का, दालनात तरी एक माणूस हवा होता. उंची कशी कळणार?"

"खाली मोजपट्टी काढलीय. ती वाच."

कागद धारवाडातच राहिले. संघपालने लव धरलेले बस्ते पुसून, सुकवून परत लावले. काही पानं गेली, ती गेलीच. पुढच्या महिन्यात उत्तरा एका दुरुस्तीच्या कामासाठी वाचनालयात गेली तेव्हा यल्लव्वा कोठी झाडून बाहेर येत होती. कोपऱ्यासकट.

"आता बरं वाटतं ना आत?" उत्तराने विचारलं.

यल्लव्वाने केरसुणी भिंतीला उभी केली. "बरं कसलं री. आधी कुणीतरी होतं. आता दार लागलं की एकटीच असते मी. भ्या वाटतं."

"दार उघडं ठेवून झाडत जा," उत्तरा म्हणाली, आणि टेप काढून कामाला लागली.